लेफ्ट बॅकच्या अंघोळीची अकरा मिनिटं

आमच्या शेजारचे नाना कुणाशीही बोलताना समोरच्याच्या कमरेकडे बघतात. यावरून जळगावच्या आमच्या कॉलनीत दोनदा तक्रार झाली. एकदा नव्याने राहायला आलेल्या पाटील वहिनींनी केली, एकदा गॅसवाल्याने. सोसायटीचा चिटणीस म्हणून दोन्ही वेळा समजवायला मीच गेलो.

"भाऊ," नाना म्हणाले, "पाय खोटं बोलतस. नजर खोटं बोलस. कंबर नही बोलत. माणूस जठे जाई, कंबर पह्यले तठे वळस."

नाना अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. भुसावळला रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल शिकले. एका कच्छी व्यापाऱ्याने त्यांचा खेळ पाहिला, बोटीत बसवून मोंबासाला नेलं आणि महिन्याच्या पगारावर आपल्या टीममध्ये लेफ्ट बॅकला, बचावात उभं केलं. करार दोन वर्षांचा होता, राहिले पाच; नवी बायको तेवढी वर्षं माहेरी. तिथे गोल किती केले, असं मी एकदा विचारलं.

"एकबी नही," नाना छाती काढून म्हणाले. "मन्ही बाजूथीन कितला गयात ते इचार."

"किती?"

"पाच वरीसमा सात."

मैदान सुटलं तरी खेळ सुटला नाही. माझ्या पुतणीला बघायला पहूरचा मुलगा आला होता. मुलगा हसत होता, पोहे दोनदा घेतले. नाना माझ्या कानाशी लागले, "पोऱ्या चांगला शे, पण त्यानी कंबर दारकडे शे." आठव्या दिवशी नकार आला. तेव्हापासून घरी कुणी पाहुणा आला की आमची ही नानांना चहाला बोलावते.

सकाळी सातपासून नाना फाटकाशी लोखंडी खुर्ची टाकून बसतात. कॉलनीला वाटतं, म्हाताऱ्याला नसत्या चौकशा. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं. नानांच्या बायकोचं, अक्कांचं, दोन वर्षांपासून विसरणं वाढलं आहे. दार दिसलं की त्या निघतात. कुठे, ते सांगता येत नाही. नाना खुर्चीवरून एकदाच उठतात, अंघोळीला. तेवढ्यापुरती खुर्ची माझ्याकडे. मी घड्याळ लावून मोजलं आहे, अकरा मिनिटं. तेवढ्यात मला जो घाम फुटतो तो ऑफिसात मार्चअखेरीलाही फुटत नाही.

माझा एक नियम होता. अक्कांच्या चपला उंबऱ्याशी आहेत तोवर अक्का घरात. मंगळवारी मी चपलांवरची नजर काढली नाही. नाना डोकं पुसत बाहेर आले.

"कोठे शे ती?"

मी चपला दाखवल्या. नाना आत गेले आणि लगेच बाहेर आले. एरवी कडी लावलेलं मागचं दार उघडं होतं. अक्का अनवाणी गेल्या होत्या.

"पायकडेच देखत ऱ्हायना तू," नाना एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

कॉलनीपासून महामार्ग तीनशे मीटरवर आहे आणि केळीचे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. मी स्कूटर काढली. शेजारचे चौघे चार दिशांना पळाले. नाना ओल्या डोक्याने फाटकात उभे.

"नाना, उभे काय राहिलात!" मी ओरडलो.

"बॉलना मांगे पयाले जो तो तयार. बॉल जठे जाई तठे आपन पह्यले जावो." मग म्हणाले, "धरणगावनी गाडी कितला वाजता शे?"

अक्कांचं माहेर धरणगावचं. गाडी नऊ चाळीसची. घड्याळात नऊ एकवीस झाले होते. नाना मागे बसले. दोन सिग्नल लागले, त्यातला एक मी तोडला. आयुष्यातला पहिला. नऊ तेहतीसला आम्ही स्टँडवर होतो.

गाडी लागलेली होती. तिसऱ्या खिडकीशी अक्का बसल्या होत्या, पदर नीट घेतलेला, पावलं धुळीने माखलेली. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं, हे नंतर कळलं. मी हाक मारणार तोच नानांनी माझं कोपर धरलं. ते गाडीत चढले. अक्कांनी वर पाहिलं.

"तुम्ही कोन?"

नाना क्षणभर दांडी धरून उभे राहिले. मग त्याच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले.

"मी मोंबासाथीन उनू, बाई."

अक्कांचा चेहरा उजळला. "मंग त्यासनी वळख शे तुमनी?"

"शे ना. एकच टीममा व्हतूत."

"ते पत्र का बरं नही धाडतस? पोस्टमन आते मन्हा दारकडे देखतबी नही."

"त्यानं चुकनं," नाना म्हणाले. "धाडाले पाहिजे व्हतं."

"नाना, उतरायचं ना?" मी हळूच विचारलं.

"ती बठेल शे तोवर मी बठस."

घंटी वाजली. पंच्याहत्तरीपुढच्या दोघांना कंडक्टरने शून्य रुपयांची दोन तिकिटं दिली. मी माझं एक फुल तिकीट काढलं आणि मागच्या बाकावर बसलो. वाटेतलं पाळधी गाव मागे पडलं तेव्हा नाना अक्कांना सांगत होते, "त्यानी निरोप धाडेल शे. तब्बेत बरी शे. समुद्रनं पानी खारं शे. कळण्यानी भाकर तठे नही भेटस."