आठ मिलिमीटरचा वाटाणा

नामदेवरावांनी स्वतःच्या छातीच्या सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली आणि पट्टी लावून फुफ्फुसातली गाठ मोजली. रिपोर्टात आठ मिलिमीटर होते, पट्टीवर दोनच भरले. तेवढ्या भांडवलावर ते सदर भागातल्या डॉक्टरांशी भांडायला गेले. शेजारी म्हणून मी सोबत होतो.

"साहेब, सहा मिलिमीटर काहून वाढवले?"

"काका, फिल्मवर चित्र लहान करून छापतात."

"मंग पुऱ्या मापाचं द्या! अर्ध्या मापाचा शर्ट कोनी घेते का?"

डॉक्टर भले माणूस. म्हणाले, अशी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. वाढली असेल तर पुढचं बघू.

नामदेवरावांनी गाठीचं नाव वाटाणा ठेवलं. गल्लीत कोणी तब्येत विचारली की उत्तर एकच, "मले काय धाड भरली?"

तीन महिने झाले, पण ते जायचं नाव घेईनात. मी आकड्यांना मानणारा माणूस. एका आकड्यावरून वाढ कळत नाही, दुसरा लागतो, हे त्यांना रोज सांगत होतो. शेवटी एका सकाळी भांडायच्या तयारीनेच गेलो, तर हे स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत बसलेले.

"वैशाली बाळंतपनाले येऊन राहिली," मान वर न करता ते म्हणाले. "माय नाही तिले. मले भरती केलं तर पोरीचं कोन करन?"

"आणि गाठ वाढली, तुम्हीच राहिला नाहीत, तर?"

त्यांनी हातातला लाडू ताटात ठेवला.

"चाल. पन रिपोर्ट तू आनायचा. वाईट असन तं बाळंतपन झाल्यावर सांग."

"जमणार नाही. जो आकडा असेल तो त्याच दिवशी सांगेन."

"मोठा हरिश्चंद्र लागून गेला!"

पण आले. स्कॅन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही चित्रं कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावून मला दाखवली. तिथून मी थेट नामदेवरावांच्या स्वयंपाकघरात गेलो. ते पाठमोरे होते, लाडवांचा दुसरा घाणा चालला होता.

"बोल."

"आठच. वाढली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं."

ते वळले नाहीत. हातातला लाडू फुटला. पुन्हा वळला, पुन्हा फुटला.

"पाहून काय राहिला गा?" ते खेकसले. "तूप घाल!"