घोरपडे सरांचा श्वासबंदी वर्ग

मुलांनो, नीट बसा. पाय हलवू नका. श्वास घेतलात तरी चालेल.

तर एका जंगलात व्यायामाची साथ आली. त्याआधी प्राणी नुसते पळायचे, चढायचे आणि भूक लागली की खायचे. त्यालाच व्यायाम म्हणतात हे बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

ते त्यांना घोरपडे सरांनी सांगितलं. सर म्हणजे एक वयस्कर घोरपड. सर स्वतः कधी पळत नसत, पण डोहात बुडी मारून बराच वेळ श्वास न घेता पडून राहत. जो स्वतः काही करत नाही तो दुसऱ्याला फार तळमळीने शिकवतो, हे तुम्हाला शाळेत कळलंच असेल.

"पळताना तुमच्या तोंडातून गरम वाफ येते," सर म्हणाले. "ती काय असते?"

"काय असते, सर?"

"ताकद. तुमची ताकद बाहेर सांडते. तोंड मिटा, नाकही आवळा, म्हणजे ती आतच राहील."

प्राण्यांना पटलं. सोपं होतं ना. वर्गात धापेला बंदी झाली. जो धापा टाकेल त्याने सर्वांसमोर दहा उठाबशा काढायच्या, त्याही तोंड मिटून.

रेवती नावाची हरिणी रोज पहाटे वर्गाला येई. तिचं कारण खरं होतं. दर वैशाखात रानकुत्री यायची आणि कळपामागे लागायची. नदीपलीकडे वाघ राहायचा म्हणून कुत्री तिकडे जात नसत. नदी ओलांडली तो वाचला, निदान वाघाला भूक लागेपर्यंत. गेल्या वर्षी रेवतीची बहीण नदीच्या अलीकडेच राहिली. यंदा आपली पाळी, या भीतीने रेवतीला झोप लागत नसे. घाबरलेल्याला वर्ग लाव म्हणून फार सांगावं लागत नाही.

धोंडूमामा हे रानडुक्कर मात्र वर्गाकडे फिरकलं नाही. कंद खाऊन खाऊन त्याचं पोट सुटलं होतं आणि चार पावलं चाललं की ते फुसफुसायचं. सर त्याला गळकं मडकं म्हणत.

वैशाख आला. कुत्रीही आली.

पहिल्या दहा-बारा उड्या झकास गेल्या. तेवढ्याला श्वास लागतच नाही. स्नायूंत थोडी तयार शिदोरी असते, ती पुरते. ती संपली की शरीर हवेवाचूनच साखर मोडायला घेतं, घाईघाईने. तेही मिनिट-दोन मिनिटंच चालतं. पण तेवढ्या वेळात रेवतीला वाटलं, सर म्हणजे देवमाणूस.

मग मांड्या पेटल्या. चुलीत लाकूड भरपूर आणि फुंकर मात्र नाही, अशी तिची गत झाली. तिने तोंड आणखी घट्ट मिटलं. पाय दगडाचे झाले.

मागून धोंडूमामा आला. त्याला घाई जमत नव्हती, पण तो थांबतही नव्हता. सुटलेल्या पोटातली चरबी सावकाश जळत होती आणि तोंड आ वासलेलं होतं.

"पोरी, तोंड उघड," तो म्हणाला.

"सर ओरडतील," ती मिटल्या ओठांनी पुटपुटली.

"त्याआधी कुत्री येतील."

रेवतीने तोंड उघडलं. तिला इतकी लाज वाटली की विचारू नका. पण हवा आत गेली आणि पाय हळूहळू तिचे झाले. अख्ख्या रानाला ऐकू जातील अशा धापा टाकत दोघं नदीपार गेली.

वर्गाचा आदर्श विद्यार्थी, काळवीट दिगंबर, शेवटपर्यंत तोंड मिटून पळाला. नदी चाळीस पावलांवर असताना तो कोसळला. पुढचं सांगत नाही, तुमची जेवणं व्हायची आहेत.

शोकसभेत सर बोलायला उभे राहिले. "दिगंबर का गेला? कारण अखेरीस त्याच्यात श्वास उरला नाही. मी आयुष्यभर दुसरं काय सांगतोय? श्वास आत सांभाळा."

सगळे रडले. रेवतीही रडली, कारण दिगंबर खरोखरच भला होता. मग ती उठून म्हणाली, "सर, मी तोंड उघडलं म्हणून वाचले."

सरांनी तिला दहा उठाबशा सांगितल्या. तिने त्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहायला जागा नव्हती. रानकुत्र्यांनी दिगंबरच्या नावाने एक फिरती ढाल देऊ केली आणि वर्गाला मनापासून शुभेच्छा दिल्या.

तात्पर्य: गुरूचा शब्द कधी मोडू नये. मोडलाच तर नदी ओलांडेपर्यंत मोडावा आणि परत येऊन मुकाट्याने उठाबशा काढाव्यात. शब्द पाळणाऱ्याच्या नावाने ढाल निघते. ती घ्यायला मोडणारेच उरतात.