पेनीकूकसाहेब चुकीच्या चर्चमध्ये

मंत्री ऑगस्टस पेनीकूक श्रद्धांजलीसाठी उभे राहिले, तेव्हा समोरच्या शवपेटीत कोण आहे याची त्यांना पक्की खात्री होती. तिथंच घोटाळा झाला.

एकतीस वर्षांत आपल्या डोंगराळ मतदारसंघातली एकही मयत त्यांनी चुकवली नव्हती. आज पक्षाचे जुने कार्यकर्ते लिंडो यांच्या अंत्यविधीसाठी ते राजधानी किंग्स्टनहून निघाले. पण मुख्य रस्ता खचलेला. ड्रायव्हर क्लोव्हिसनं गाडी मागच्या वाटेला घातली आणि गर्दी दिसली त्या पहिल्याच चर्चपाशी थांबवली. साहेबांना पाहून लोकांनी डोळे विस्फारले, पण पुढची खुर्ची दिली.

"शेवटच्या श्वासापर्यंत हा गडी माझ्या पाठीशी उभा राहिला!" साहेबांनी आवाज लावला.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पहिल्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "गडी कुठला रे बाबा? आमची आयव्होरीन आहे ती!"

साहेबांनी पेटीजवळचा फोटो पाहिला आणि त्यांना घाम फुटला. आयव्होरीन मॉरिसन! विरोधी पक्षाची. सात निवडणुका त्यांच्या प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत बसून "थापा! थापा!" म्हणून ओरडणारी.

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चुकून आलो," ते हळू आवाजात म्हणाले. "पण आलोच आहे, तर खरं सांगतो. सभेत माझी नजर आधी या बाईला शोधायची. ती असली की मी जपून बोलायचो. गेल्या वर्षी ती दिसली नाही. मी तोंडाला येईल ते ठोकून दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी गेल्यावर मला घास गिळवेना."

आयव्होरीनचा नवरा युस्टस काठी टेकत पुढे आला.

"ती खाटेवर पडून रेडिओवर तुमची भाषणं ऐकायची," तो म्हणाला. "बंद करायला गेलो की खेकसायची, 'राहू दे, त्याच्यावर चिडले की जरा तरतरी येते!'" त्यानं डोळे पुसले. "जेवून जा. बोकड शिजतोय."

क्लोव्हिस कानाशी लागला. "साहेब, लिंडो?"

"तो समजून घेईल. आपल्या पक्षाचा आहे."

पानावर बसल्यावर साहेबांना राहवलं नाही. "मग युस्टसभाऊ, या खेपेला मत?"

"छे! ती वर बसून बघतेय. पण सभेला येईन. पहिल्या रांगेत बसेन."

"आणि?"

"ओरडेन."

साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. "जरा मोठ्यानं ओरडा," ते म्हणाले. "हल्ली मला कमी ऐकू येतं."