चाळीसच्या आत

चष्मेवाल्यांनी गाडीत पेट्रोल वाचवणारी डबी बसवली ती मेहुण्याच्या आग्रहाखातर. लायटरच्या खाचेत खोचायची, एवढंच काम. सोबतच्या कागदावर सूचना होत्या: वेग चाळीसच्या आत ठेवा, पायाखाली अंडं आहे असं समजून गाडी चालवा, तीस टक्के बचत नक्की. गाडी अलगद चालली की डबीवर हिरवा दिवा लागायचा, धसमुसळेपणा केला की लाल.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ते बायकोला घेऊन विजेच्या ऑफिसात निघाले. मीटर तिच्या नावावर करायचा होता. आज शेवटची तारीख, सही तिने समोर करायची आणि खिडकी तीनला बंद. बायको रुग्णालयात रात्रपाळीची नर्स. दिवसा झोपायला जावं तर वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू व्हायचं, नाहीतर दारावरची बेल वाजायची. तिचा सलग तासभर डोळा लागल्याला तीन वर्षं झाली होती.

हिरवा दिवा सांभाळत चष्मेवाले निघाले. दुसऱ्या चौकातच कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बायको झोपली. ऑफिसपाशी त्यांनी गाडी थांबवली तशा तिच्या पापण्या थरथरल्या. त्यांनी घाईने गाडी पुढे काढली. पापण्या पुन्हा शांत झाल्या.

मग त्यांनी ऑफिसला एक फेरी मारली. मग दुसरी. चौथ्या फेरीला पहारेकरी खुर्चीतून उठला, तेव्हा ते गावाबाहेरच्या रस्त्याला लागले. तिथे सिग्नल नव्हते. दोन्ही बाजूंना उंच गवत वाऱ्यावर एकाच दिशेला झुकत होतं. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि जाताना कुतूहलाने वळून पाहून गेला. काचेवर ढग सरकत होते, तेही जवळपास त्याच वेगाने. तीन कधी वाजून गेले ते चष्मेवाल्यांना कळलं, पण त्याचं फारसं काही वाटलं नाही. बायको किंचित घोरत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिला घोरता येतं हे त्यांना आजच समजत होतं.

पेट्रोलचा काटा तळाला टेकला. वाटेत पंप आला. पण तिथे इंजिन बंद करावं लागलं असतं, म्हणून हात करणाऱ्या माणसाकडे न बघता ते पुढे गेले. तळ्याच्या काठाने जाताना इंजिन आपणहून गप्प झालं. गाडी थोडी तरंगल्यासारखी पुढे गेली आणि थांबली. दिवा हिरवाच होता.

त्यांनी खाली उतरून दबक्या आवाजात मेकॅनिकला फोन केला. परत आले तर बायको जागी.

"झाली सही?"

"नाही," ते म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. तिने तळ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. आता आपल्यावर काय कोसळणार याची ते वाट बघत राहिले.

"मेकॅनिकला यायला किती वेळ?"

"अर्धा तास."

"मग तोवर उठवू नका," असं म्हणून तिने सीट मागे केली.

मेकॅनिक वीस मिनिटांतच आला. टाकीत पेट्रोल ओतून झाल्यावर त्याने खिडकीतून डबी पाहिली. असल्या डब्या त्याने पुष्कळ उघडल्या होत्या. आत फक्त दोन दिवे आणि धक्का ओळखणारा एक तुकडा असतो, इंजिनशी त्याचा काही संबंध नसतो, लोक फसतात, असं त्याने चांगलं समजावून सांगितलं. चष्मेवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आत झोपलेल्या बायकोकडे मान वळवली. केव्हापासून झोपल्या आहेत, असं त्याने विचारलं. दीडपासून, मध्ये पाच मिनिटं सोडली तर, असं त्यांनी सांगितलं.

मेकॅनिक बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला,

"साहेब, ही डबी कुठं मिळते? माझ्या आईला अजिबात झोप लागत नाही."