तिसाव्या वर्षाचा दाखला

बस डेपोतल्या एका ड्रायव्हरला बदलीसाठी सेवेचा दाखला हवा होता. बायको दुसऱ्या शहरात नर्स, मुलगी तिच्यापाशी. एक तारखेच्या आत दाखला पोहोचला नाही, तर तिथली जागा दुसऱ्याला जाणार होती. सेवा तीस वर्षांची. नियम साधा होता: कोणत्याही वर्षाच्या दाखल्याआधी किंवा पडताळणीआधी त्याच्या मागील दोन वर्षांची पडताळणी व्हावी.

तिसाव्यासाठी एकोणतिसावं आणि अठ्ठाविसावं उघडलं. एकोणतिसाव्यासाठी अठ्ठाविसावं पुन्हा उघडलं, कारण आधीची पडताळणी तिसाव्याच्या नावाने झाली होती. पहिली दोन वर्षं तेवढी उदार मनाने मान्य होती. एकूण पडताळण्या सोळा लाख चौसष्ट हजार एकोणऐंशी.

आवक-जावकच्या बाईंनी एक वही सुरू केली. पहिल्या वर्षापासून निघायचं, झालेलं वर्ष लिहायचं, पुन्हा लागलं की वहीत बघायचं. तीस ओळी, अकरा मिनिटं, दाखला तयार.

साहेबांचा चष्मा नाकावर घसरला. "एकदा बघितलेलं पुन्हा बघायचंच नाही? मग माणसं दिवसभर करणार काय?"

"साहेब, उत्तर तेच येतं."

"तेच येतं हे कळायला पुन्हा काढायला नको?"

दोन्ही पद्धतींच्या वेगाची तुलना करायला समिती बसली. दोन्ही संपल्याशिवाय निकाल नाही, निकालाशिवाय दाखला नाही. बाईंची वही पुरावा म्हणून दाखल्यासकट सीलबंद झाली. जुन्या पद्धतीला तिप्पट माणसं मिळाली. एकटं सातवं वर्षच शेहेचाळीस हजार तीनशे अडुसष्ट वेळा उघडायचं होतं. ते उघडणाऱ्या कारकुनाला 'सप्तमवर्ष प्रमुख' अशी बढती मिळाली.

बायकोचा फोन आला. "अहो, झालं का?"

"बरंच झालंय."

"बरंच म्हणजे कुठलं?"

"आधी झालेलं होतं ते."

एक तारीख उजाडली. तिकडची जागा गेली आणि इकडे ड्रायव्हरची सेवा एकतीस वर्षांची झाली. समितीने लगबगीने नवं काम काढलं: सव्वीस लाख ब्याण्णव हजार पाचशे सदतीस पडताळण्या. अंतरिम अहवालात नोंद झाली की, जुनी पद्धत अधिक विश्वासार्ह असून तिचं उत्तर आजवर एकदाही चुकलेलं नाही.

बाई म्हणाल्या, "सील तोडायचा अर्ज करा, दादा." ड्रायव्हरने केला. चार पानं, प्रत्येक पानावर संपूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख.

हसताय? तुम्हीही परवा असाच एक अर्ज भरलात. चौथ्या पानावर पत्ता लिहिताना कुरकुर तर सोडाच, उलट अक्षर सुधारलंत.