सापडलेलं पोर पुन्हा हरवतं

पितृपंधरवडा लागला की गंगाखेडात सिनेमाची बरी चित्रं येणं बंद होई. जे काही चांगलं असेल ते वितरक दिवाळीसाठी दडवून ठेवत. ही गोष्ट गावातल्या पोरासोरांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त तहसील कचेरीला. बन्सीधरशेटच्या पत्र्याच्या टॉकीजला जागा देताना कचेरीने साफ अट घातली होती : दर आठवड्यास नवा खेळ दाखवावा, अन्यथा जागा शेळ्यांच्या बाजारास देण्यात येईल. शेळ्यांना पितृपंधरवडा नसतो, हे कचेरीचं म्हणणं तसं बिनतोड होतं.

बन्सीधरजवळ एकच चित्र उरलं होतं. त्यात जत्रेत आईचं पोर हरवतं आणि शेवटी मुन्सफ होऊन कोर्टात सापडतं. गावाला ते इतकं पाठ झालेलं की पडद्यावरच्या आईआधीच बाया हंबरडा फोडीत. वडलांनी उभं केलेलं टॉकीज आपल्या हयातीत लेंड्यांखाली जाणार, या विचाराने बन्सीधरला अन्न गोड लागेना.

खेळ नवा असल्याची खात्री करायला कचेरीतून पेशकार दिनकरराव आले. सहकुटुंब आले, अर्थात फुकट. साहेबांना पाहून ऑपरेटर असा गांगरला की त्याने शेवटचं रीळ आधी चढवलं. कोर्टात माय-लेक गळ्यात पडले आणि त्यानंतर जत्रा भरली.

"अगं बाई, सापडलेलं पोर पुन्हा हरवलं की!" मेंढरं राखणारी कासाबाई बायकांच्या बाजूनं ओरडली. "असलं आमी कधी पाह्यलं न्हाई!"

दिनकररावांनी डोळे टिपले. "शेट, खेळ नवा हाय. लय नवा."

पुढच्या आठवड्यात बन्सीधरने खेळ मधूनच सुरू केला. कचेरीने समाधान व्यक्त केलं. शेजारच्या पालमची माणसं एसटीने येऊ लागली.

दिवाळीला मात्र खरोखरच नव्या चित्राची पेटी उतरली. बन्सीधरने तिला हळदकुंकू वाहिलं आणि रिळं इमानाने ओळीने लावली. पडद्यावर एक गरीब आई आली. तिच्या कडेवर पोर होतं. समोर जत्रा होती.

"आता हरवतंय बघा," कासाबाई म्हणाली.

हरवलं.

"जुनाच हाय!" पब्लिकने गलका केला.

"साहेब, नटी नवी, गाणी नवी, पेटीचं सीलसुद्धा आत्ता फोडलंय," बन्सीधर याही खेळाला आलेल्या दिनकररावांपुढे काकुळतीला आला.

"सील घेऊन काय करता? पुढं काय व्हनार ते आमच्या शिपायालाबी कळायलंय. उद्या जागा खाली करा," दिनकरराव म्हणाले.

बाहेर टॉकीजच्या खांबाला कुणीतरी दोन शेळ्या बांधूनही टाकल्या होत्या. विश्रांती होताच बन्सीधर वर धावला आणि त्याने स्वतःच्या हाताने शेवटचं रीळ चढवलं. पोर सापडलं, लगेच पुढच्या रिळात आई त्याला रानोमाळ शोधू लागली.

"सापडलंय तरी धुंडायलीय माय!" कासाबाईने पदर डोळ्याला लावला. "आता कसं नवं वाटायलंय!"

दिनकररावांनी जागा कायम केली आणि शेळ्या सोडायला लावल्या.

वाचकहो, हसून झालं? कचेरी, अट, साहेब आणि त्यांना गंडवणारा शेट ही गोष्ट आपण याआधी कितीदा तरी वाचलेली आहे. आम्ही फक्त रिळं फिरवली. नवी म्हणून पसंत तुम्ही केलीत.