वरण ऐकणाऱ्या पटलेकाकू

आमच्या महिला मंडळातल्या पटलेकाकू डबा उघडून पाहत नाहीत, ऐकतात. कानाशी धरून एकदा हलवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "बिसेनबाई, वरण बोलून राहिलं वो. पाणी जास्त झालं." बिसेनबाईंचा जन्म वरण करण्यात गेला, पण काकूंसमोर त्याही वरमतात.

देवरीच्या सरकारी दवाखान्यात जंगलाकडच्या गावांतून पेशंट येतात. डबा आणणारं कोणी नसतं, म्हणून आमचं मंडळ माझ्या सासूबाईंच्या काळापासून दुपारचं जेवण पोचवतं. आम्ही पाळीपाळीने रांधतो, काकू तपासतात आणि वाटतात. मी सेक्रेटरी, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारी.

काकूंचं एक खूळ मात्र सगळ्यांच्या डोक्यात जाई. पेशंट अकरा असले की त्या डबे बारा मागत. काऊन म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर, "ऐनवेळी कोणी आला तं? त्याले काय तुह्यं भाषण वाढू?" शेवटी सभेत हात वर करून ठरलं, जादा डबा बंद. अन्न वाया जातं, हे मीच मोठ्या ऐटीत बोलले. एरवी भांडणाऱ्या काकूंनीही हात वर केला. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आठवड्याभराने वाटप करताकरता काकूंना भोवळ आली. मी त्यांना घरी नेलं आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात शिरले. शेगडीवर धूळ. फळीवर नुसता मुरमुऱ्यांचा डबा.

"काकू, तुम्ही जेवता काय?"

"तुह्ये काका गेले, आता एकटीसाठी कायले रांधाचं?" त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "मंडळाच्या डब्यात कसं, कोणाच्या तरी हातचं राहते."

म्हणजे बाराव्या डब्याचा पेशंट काकूच होत्या, आणि त्यांचं जेवण मी तोडलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वाटप आटोपल्यावर मी घरचा मोठा डबा त्यांच्यापुढे केला. काकूंनी सवयीने कानाशी धरून हलवला.

"हा तं बोलतच नाही. किती ठासला वो?"

"दोघींचा आहे. मीपण जेवायची आहे."

त्यांनी दवाखान्याच्या बाकावर सरकून मला जागा केली. पहिला घास तोंडात, आणि लगेच, "मीठ कमी आहे."

तरी डबा पुसून खाल्ला. झाकण लावताना हळूच विचारलं, "उद्या कोणाची पाळी आहे वो? तिले सांगून ठेव, आपण दोघी आहो."